ऑप-ॲम्प: इन्व्हर्टिंग की नॉन-इन्व्हर्टिंग, तुम्ही कशावरून ठरवता?

तापमापी

नमस्कार मंडळी. चार दिवस एका साध्या सर्किटवर अडकलोय. १० के चा थर्मिस्टर वर (तापमानाने बदलणारा रेझिस्टर, २५ अंशाला १० के म्हणजे १० किलोओहम, तापला की कमी होणारा), १० के चा साधा रेझिस्टर खाली, वरून ५ व्होल्ट. मधल्या सांध्यावरचं व्होल्टेज दुप्पट करून ० ते १० व्होल्टच्या काट्याच्या मीटरला द्यायचं आहे. चिप टीएल०७२ (ऑप-ॲम्प, म्हणजे सिग्नल मोठा करणारी चिप), सप्लाय अधिक-उणे १२ व्होल्ट.

आमचे सर म्हणाले होते, "शंका असेल तर इन्व्हर्टिंग लाव, ते जास्त स्टेबल असतं." म्हणून सिग्नलचं चिन्ह उलटवणारं ते सर्किट लावलं (नॉन-इन्व्हर्टिंग चिन्ह तसंच ठेवतं): इनपुटला १० के, आउटपुटवरून परत येणाऱ्या फीडबॅकला २० के, गेन (किती पट) उणे २. आउटपुट उणे येणार म्हणून मीटरच्या तारा उलट्या जोडल्या. २५ अंशाला मीटरवर ५ व्होल्ट हवेत, मिळतात ३.३३. चिप बदलली, रेझिस्टर मोजून लावले, ब्रेडबोर्डची जागा बदलली. फरक नाही. शेवटी फीडबॅकला २० च्या जागी ३० के लावला तर २५ अंशाला बरोब्बर ५ आले, पण थर्मिस्टर थंड केला की पुन्हा चुकतं.

एक तर माझं काय चुकतंय ते सांगा. आणि दुसरं म्हणजे, या दोन सर्किटांपैकी कुठलं कधी लावायचं हे तुम्ही कशावरून ठरवता? पुस्तकात दोन्हींची सूत्रं आहेत, निवड कशी करायची ते नाही.

शून्य_व्होल्ट

डिव्हायडरचा (व्होल्टेज वाटणाऱ्या त्या दोन रेझिस्टरांचा) मधला सांधा ॲम्प्लिफायर जोडण्याआधी मोज आणि जोडल्यावर मोज. दोन्ही आकडे इथे टाक.

तापमापी

आधी २.५०. जोडल्यावर १.६७! पण ऑप-ॲम्पचं इनपुट करंट घेतच नाही ना?

शून्य_व्होल्ट

सापडलं. ऑप-ॲम्पची पिन करंट घेत नाही हे खरं, पण तुझा डिव्हायडर पिनेला जोडलेलाच नाहीये. तो जोडलाय १० के च्या रेझिस्टरला, आणि त्या रेझिस्टरचं दुसरं टोक ऑप-ॲम्पने शून्य व्होल्टवर धरून ठेवलंय. म्हणजे डिव्हायडरच्या खालच्या १० के ला आणखी एक १० के समांतर लागला. खाली उरले ५ के, वर १० के, ५ व्होल्टचा तिसरा हिस्सा १.६७. त्याची उणे दुप्पट म्हणजे तुझे ३.३३. चिप, रेझिस्टर, मीटर सगळे चोख काम करतायत.

३० के चा उपाय का फसला तेही बघ. थर्मिस्टरच्या जागी साधा २० के लाव, थंडीची नक्कल म्हणून. नुसत्या डिव्हायडरवर १.६७ येतील, मीटरवर ३.३३ हवेत. इन्व्हर्टिंग जोडलंस की सांधा १.०० वर बसतो, आणि ३० के चा फीडबॅक त्याचे ३.०० करतो. २५ अंशाला चूक शून्य, थंडीत दहा टक्के. कारण सोर्सचा (सिग्नल देणाऱ्या डिव्हायडरचा) रेझिस्टन्स तापमानाबरोबर हलतोय आणि तो तुझ्या १० के च्या रांगेत येऊन गेनमध्ये घुसतोय. हलणारी चूक एका ठरावीक आकड्याने भरून निघत नाही.

आता दुसरा प्रश्न. मी सर्किट काढायच्या आधी सिग्नल कुठून येतोय ते बघतो. समोरचा सोर्स मला किती करंट देऊ शकतो? द्यायला त्याच्याकडे नसेल तर मागायचा नाही, नॉन-इन्व्हर्टिंग. गेनचं चिन्ह मी सगळ्यात शेवटी बघतो.

तुझ्या कामाला: सांधा सरळ ऑप-ॲम्पच्या अधिक इनपुट पिनेला, उणे पिनेवरून १० के ग्राउंडला, १० के फीडबॅक. गेन १ अधिक १०/१०, म्हणजे २. मीटरच्या तारा पुन्हा सरळ कर.

ब्रेडबोर्ड

तारा सरळ केल्यावर काटाही आनंदाने डोलेल :)

सोल्डरचा_धूर

शून्य_व्होल्ट यांच्याशी सहमत, आणि मी एक पाऊल पुढे जाऊन म्हणेन की नॉन-इन्व्हर्टिंग हीच सवय असावी. ७४१ सारख्या जुन्या चिपचा इनपुट रेझिस्टन्ससुद्धा २ मेगओहमच्या आसपास असतो, आणि फीडबॅकमुळे प्रत्यक्षात दिसणारा त्याच्याही कित्येक पट. टीएल०७२ चं इनपुट जेएफईटीचं (जवळजवळ करंटच न घेणाऱ्या ट्रान्झिस्टरचं), तिथे तर सोर्सला काही जोडलंय हे जाणवतसुद्धा नाही. इन्व्हर्टिंगमध्ये तुमचा इनपुट इम्पिडन्स (सोर्सला दिसणारा रेझिस्टन्स) म्हणजे तो इनपुटचा रेझिस्टर, त्यापेक्षा एक ओहमही जास्त नाही.

"मग तो रेझिस्टरच मोठा घ्या" असं कुणी म्हणेल. १०० के घ्या आणि गेन १०० हवा असेल तर फीडबॅकला १० मेग लागेल. १० मेगच्या दोन टोकांमध्ये नुसत्या जागेमुळे एक पिकोफॅरॅड आला तरी बँडविड्थ (किती फ्रिक्वेन्सीपर्यंत सिग्नल नीट जातो ती मर्यादा) १६ किलोहर्ट्झवर येते. शिवाय रेझिस्टर स्वतः आवाज करतो: १ के चा सुमारे ४ नॅनोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झ, १०० के चा सुमारे ४०. माइकसारख्या बारीक सिग्नलच्या रांगेत १०० के ठेवणं म्हणजे आपल्या हाताने हिस्स (सूं असा आवाज) विकत घेणं. नॉन-इन्व्हर्टिंगमध्ये खालचा रेझिस्टर १०० ओहमचाही ठेवता येतो, सोर्सला त्याचा पत्ताही लागत नाही.

मिक्सरवाली

सोल्डरचा_धूर, "सवय" या शब्दाला माझी हरकत आहे. मी ऑडिओ मिक्सर बांधते आणि माझ्या बोर्डवर इन्व्हर्टिंग स्टेज जास्त आहेत. हौस म्हणून नाही, ते काम दुसऱ्या सर्किटने नीट होतच नाही.

चार चॅनल एकत्र करायचे आहेत असं धरा. प्रत्येकाला १० के, चारही एका सांध्यावर, तो सांधा उणे पिनेला, फीडबॅक १० के. सांधा शून्य व्होल्टवर खिळलेला असल्याने पहिल्या चॅनलला दुसरा दिसतच नाही. एकाचा फेडर (आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी) खाली ओढला तर बाकी तिघांचा आवाज तसूभर हलत नाही. हेच नॉन-इन्व्हर्टिंगने करून बघा: चार रेझिस्टरांचा सांधा अधिक पिनेला जातो, तो सांधा सिग्नलबरोबर वरखाली होतो, आणि एक चॅनल काढून घेतला की उरलेल्यांची पातळी बदलते. मी पहिला मिक्सर तसाच बांधला होता. गायकाचा माइक काढला आणि पेटी एकदम मोठी झाली. सगळे मागे वळून माझ्याकडे बघत होते, आणि मी फेडरला हातही लावलेला नव्हता.

शिवाय गेन एकाच्या खाली न्यायचा असेल तर? नॉन-इन्व्हर्टिंगच्या सूत्रात तो "१ अधिक" बसलेला आहे, त्याच्या खाली ते जाऊच शकत नाही. इन्व्हर्टिंगमध्ये १० के आणि १ के लावले की सिग्नल दहावा हिस्सा.

सोल्डरचा_धूर

मिक्सरवाली ताई, बेरजेच्या बाबतीत मान्य. "सवय" मागे घेतो, "एकच सिग्नल असेल तेव्हाची सवय" असं म्हणतो.

कुतूहल

मध्येच विचारतो, राग मानू नका. ते "शून्यावर खिळलेलं" म्हणजे नेमकं काय? त्या पिनेला ग्राउंडची तार तर नाहीये. मग मी तिथे सरळ तार लावून ग्राउंडला जोडली तर काय बिघडेल?

शून्य_व्होल्ट

कुतूहल, छान प्रश्न आहे, राग कसला. तार लावलीस तर सर्किट बंद पडेल. इनपुटमधून आलेला करंट तारेने ग्राउंडला जाईल, फीडबॅकच्या रेझिस्टरमधून काहीच जाणार नाही, गेन संपला.

तिथे शून्य व्होल्ट आहेत कारण ऑप-ॲम्प आपलं आउटपुट सतत हलवून ते तसे ठेवतोय. इनपुटला १ व्होल्ट, १० के मधून ०.१ मिलिॲम्प आत आला. पिन तो घेत नाही, तर त्याला फीडबॅकच्या २० के मधूनच जावं लागतं. त्यासाठी आउटपुट उणे २ व्होल्टवर जाऊन तो करंट ओढून घेतं. म्हणून व्हर्च्युअल ग्राउंड: व्होल्टेज ग्राउंडचं, पण करंट तिथे मुरत नाही, पुढे जातो.

हे कळलं की दुरुस्तीला फार उपयोग होतो. सर्किट चालत नसेल तर अधिक आणि उणे पिनांमधला फरक मोजायचा. काही मिलिव्होल्टच्या आत असेल तर फीडबॅक जिवंत आहे, चूक बाहेर कुठेतरी शोध. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर ऑप-ॲम्पच्या हातातून लगाम सुटलाय: आउटपुट सप्लायला टेकलंय, फीडबॅक तुटलाय किंवा पिना उलट लागल्यात. मी ऑसिलोस्कोपच्या आधी हे मोजतो.

ब्रेडबोर्ड

पिना उलट लागल्यात या वाक्याला +१. दोन तास गेले होते त्यात.

बँडविड्थ

धागाकर्त्याच्या सरांची बाजू कुणीच घेतली नाही म्हणून लिहितो. "इन्व्हर्टिंग जास्त स्टेबल" हे वाऱ्यावरचं वाक्य नाही, त्याला आधार आहे.

स्टेबिलिटी ठरते ती फीडबॅकमधून आउटपुटचा किती हिस्सा परत येतो त्यावरून. तो हिस्सा दोन्ही सर्किटांत सारख्याच रेझिस्टरांनी ठरतो, सिग्नल कुठून घालता याच्याशी त्याला देणंघेणं नाही. त्याचा उलटा आकडा म्हणजे नॉइज गेन: १ अधिक फीडबॅक भागिले दुसरा रेझिस्टर. नॉन-इन्व्हर्टिंगमध्ये सिग्नलचा गेन आणि नॉइज गेन एकच. इन्व्हर्टिंगमध्ये गेन उणे १ असला तरी नॉइज गेन २ असतो.

यातून दोन गोष्टी निघतात. फॉलोअर (अधिक १) मध्ये अख्खं आउटपुट परत येतं, म्हणून ऑसिलेशनला (सर्किट स्वतःहूनच थरथरू लागण्याला) सगळ्यात सोपं सावज तोच. उणे १ मध्ये निम्मंच परत येतं, तिथे श्वास घ्यायला जागा असते. एनई५५३४ ला बाहेरून कॉम्पेन्सेशनचा (ऑसिलेशन रोखणारा) कपॅसिटर न लावता निदान ३ चा गेन लागतो. तो फॉलोअर म्हणून तसाच लावलात तर ओरडेल, पण उणे २ च्या इन्व्हर्टिंगमध्ये शांत चालेल, कारण नॉइज गेन ३ आहे.

आणि याची किंमत बँडविड्थमध्ये चुकते. १ मेगाहर्ट्झच्या चिपला अधिक १ वर १ मेगाहर्ट्झ मिळतात, उणे १ वर अर्धा. ऑफसेट (इनपुटवरची छोटी डीसी चूक) आणि चिपचा स्वतःचा नॉइजही नॉइज गेननेच गुणला जातो. मिक्सरवाली ताईंच्या चार चॅनलच्या बेरजेत प्रत्येक चॅनलला गेन उणे १, पण नॉइज गेन ५. चॅनल वाढवत गेलात तर बेरजेची स्टेज हिस्स करू लागते ती यामुळे.

गेन ५०-१०० असेल तर दोन्हींत या बाबतीत फरक उरत नाही. १०० आणि १०१ मध्ये काय भांडायचं.

मिक्सरवाली

बँडविड्थ, तंतोतंत. चोवीस चॅनलच्या बोर्डवर नॉइज गेन २५ होतो, म्हणून बेरजेच्या स्टेजला मी सगळ्यात शांत चिप राखून ठेवते आणि बाकी ठिकाणी साधी लावते.

सहा_तारा

गिटारचा पिकअप म्हटला की प्रश्नच नाही, नॉन-इन्व्हर्टिंग आणि १ मेगचा इनपुट. इनपुट इम्पिडन्स कमी झाला की वरच्या सुरांची चमक जाते, आवाज कांबळं पांघरल्यासारखा येतो.

पण नॉन-इन्व्हर्टिंगचा एक सापळा कुणी सांगितला नाही, तो मी भोगलाय. ७४१ होता, गेन ११, सप्लाय अधिक-उणे १२. मधला डीसी अडवायला १ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर थेट अधिक पिनेला जोडला, बाकी काही नाही. चालू केलं की मस्त आवाज यायचा आणि दहा-बारा सेकंदांत घुसमटून बंद. बंद करून थोड्या वेळाने लावलं की पुन्हा दहा-बारा सेकंद. मला वाटायचं काहीतरी तापतंय. चिपला बोट लावून बसलो होतो, गार होती.

तापमापी

कारण काय निघालं?

सहा_तारा

पिन करंट घेत नाही असं आपण म्हणतो, पण ती थोडा घेते. ७४१ चा बायस करंट साधारण ८० नॅनोॲम्प. त्याला यायला दुसरी वाटच नव्हती, तो कपॅसिटरमधून ओढला जायचा. ८० नॅनोॲम्प १ मायक्रोफॅरॅडमध्ये म्हणजे दर सेकंदाला ८० मिलिव्होल्ट. साडेबारा सेकंदांत पिन उणे १ व्होल्टवर, त्याची अकरा पट उणे ११, आउटपुट खालच्या सप्लायला टेकलं. इतकं सरळ गणित होतं.

अधिक पिनेवरून ग्राउंडला एक १०० के लावला आणि संपलं. त्यात ८ मिलिव्होल्टचा ऑफसेट येतो, अकरा पट केला तरी ०.१ व्होल्टच्या आत, आणि पुढच्या कपॅसिटरने तोही अडवला. अर्थात १०० के म्हणजे इनपुट इम्पिडन्सही १०० के झाला, गिटारला तो कमी पडतो. म्हणून नंतर टीएल०७२ आणि १ मेग. त्याचा बायस करंट पिकोॲम्पमध्ये असतो.

इन्व्हर्टिंगमध्ये हा सापळा नाही, कारण उणे पिनेला फीडबॅकची वाट कायम मिळते.

जुनी_नळी

सहा_तारांचा अनुभव वाचून जुने दिवस आठवले. थोडं इतिहासाकडे नेतो.

"ऑपरेशनल ॲम्प्लिफायर" हे नाव १९४७ मध्ये रॅगझिनी यांच्या लेखातून रूढ झालं, आणि ऑपरेशन म्हणजे गणिती क्रिया: बेरीज, इंटिग्रेशन. ॲनालॉग कम्प्युटरची ती वीट होती. तिथे जवळजवळ सगळं इन्व्हर्टिंग असे. बेरीज करा, चिन्ह उलटलं. इंटिग्रेट करा, चिन्ह उलटलं. समीकरण मांडताना उणे चिन्हं मोजत जायचं आणि कुठे विषम आली तर आणखी एक उलटवणारी स्टेज घालायची.

यामागे बेरजेची सोय होतीच, पण आणखी एक कारण होतं. व्हॅक्यूम नळ्यांचे ॲम्प्लिफायर डीसीला सरकत राहायचे. १९४९ मध्ये गोल्डबर्ग यांनी चॉपरने (सिग्नल झपझप तोडणाऱ्या स्विचने) ते सरकणं आवरण्याची युक्ती काढली, पण त्यात दुसरं इनपुट चॉपरच्या वाटेला खर्ची पडायचं. बाहेर वापरायला उरायचं ते एकच, उणे. मग नॉन-इन्व्हर्टिंग लावणार कुठे? पुढे १९६५ ला ७०९ आला, १९६८ ला ७४१, आणि दोन्ही इनपुट मोकळी असणं आपल्याला इतकं सवयीचं झालं की ही निवड कधी नव्हतीच हे विसरायला होतं.

कुतूहल

हे माहीतच नव्हतं. अवांतर: याला मराठीत काय म्हणता येईल? ॲम्प्लिफायरला विवर्धक शब्द आहे, रेझिस्टरला रोधक. मग इन्व्हर्टिंगला "उलटवणारा विवर्धक" म्हणावं का?

जुनी_नळी

उलटवणारा आणि न उलटवणारा, दोन्ही चालतील. विद्यार्थ्यांना पहिल्यांदा सांगताना मी हेच शब्द वापरतो, कारण "इन्व्हर्ट" म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही.

पाचव्होल्टी

सगळे अधिक-उणे १२ धरून बोलताय. माझ्याकडे एकच ५ व्होल्टचा सप्लाय आणि एलएम३५८ असतो, तिथे निवड बऱ्याचदा आपोआप होते.

सेन्सर ० ते १ व्होल्ट देतोय आणि तुम्ही अधिक पिन ग्राउंडला लावून इन्व्हर्टिंग केलंत, तर आउटपुटला उणे व्होल्टेज द्यावं लागेल. उणे सप्लायच नाही, मग ते शून्यावर बसून राहतं. त्यासाठी मधल्या व्होल्टेजचा आधार बनवा, तो स्थिर ठेवा, पुढे वजा करा. नॉन-इन्व्हर्टिंगला यातलं काही लागत नाही, एलएम३५८ चं इनपुट ग्राउंडपर्यंत चालतं.

पण वरच्या बाजूला सांभाळा. एलएम३५८ चं इनपुट सप्लायच्या दीड व्होल्ट खालपर्यंतच नीट चालतं. ५ व्होल्टवर म्हणजे साडेतीन. त्याच्या वर सिग्नल गेला तर आकडा खोटा. नॉन-इन्व्हर्टिंगमध्ये दोन्ही पिना सिग्नलबरोबर वरखाली होतात, म्हणून ही मर्यादा तिथे चावते. इन्व्हर्टिंगमध्ये पिना एकाच जागी उभ्या असतात.

बँडविड्थ

पाचव्होल्टी यांच्या शेवटच्या परिच्छेदाला जोड. टीएल०७२ मध्ये हे आणखी वाईट दिसतं: इनपुट उणे सप्लायच्या फार जवळ गेलं तर आउटपुट एकदम उलट्या दिशेला, वरच्या सप्लायकडे उडी मारतं. पिना हलत्या ठेवण्याचा दुसरा तोटा म्हणजे जेएफईटी इनपुटची कपॅसिटी व्होल्टेजबरोबर थोडी बदलते, त्यामुळे सोर्सचा रेझिस्टन्स मोठा असेल तर विकृती वाढते. ऑडिओत शेवटचा थेंब काढायचा असेल तर म्हणूनही काहीजण इन्व्हर्टिंगकडे वळतात.

आणि मोठं व्होल्टेज मोजायचं असेल तर इन्व्हर्टिंग फार सोयीचं. १०० व्होल्ट, इनपुटला १ मेग, फीडबॅकला १०० के, आउटपुट उणे १०. चिपच्या पिनेला ते १०० व्होल्ट कधी दिसतच नाहीत.

प्रकाशकण

माझ्या कामात सोर्स व्होल्टेज देतच नाही, करंट देतो. फोटोडायोड. १ मायक्रोॲम्प थेट उणे पिनेला, फीडबॅक १ मेग, आउटपुटला १ व्होल्ट. इनपुटचा रेझिस्टर नाहीच. हे इन्व्हर्टिंगचंच भावंड.

मी सुरुवातीला उलट केलं होतं: डायोडला १ मेग समांतर, त्यावरचं व्होल्टेज नॉन-इन्व्हर्टिंगला. डीसीला आकडा बरोबर यायचा, पण झपझप बदलणारा प्रकाश पुसटायचा. डायोडची कपॅसिटी १०० पिकोफॅरॅडच्या घरात, तिला १ मेगमधून भरायला १०० मायक्रोसेकंद, म्हणजे १.६ किलोहर्ट्झच्या वर सगळं बसलेलं. उणे पिनेला जोडल्यावर डायोडवरचं व्होल्टेज हलतच नाही, मग ती कपॅसिटी भरायचा प्रश्नच उरत नाही. फीडबॅकवर मात्र काही पिकोफॅरॅड लावावे लागले, नाहीतर प्रत्येक कडेवर थरथर दिसायची.

शून्य_व्होल्ट यांचा प्रश्न म्हणूनच मला आवडला. करंट देणारा सोर्स असेल तर त्याला शून्य इम्पिडन्स दाखवायचा.

शून्य_व्होल्ट

प्रकाशकण, हे मी वर लिहायला हवं होतं. मी फक्त "द्यायला नसेल तर मागायचा नाही" एवढंच लिहिलं, करंट हाच ज्याचा सिग्नल आहे त्याचा विचार सुटला.

सोल्डरचा_धूर

थर्मिस्टरवाले कुठे गेले?

तापमापी

आलो, आकडे घेऊनच आलो.

नॉन-इन्व्हर्टिंग जोडलं, दोन्ही १० के. सांधा जोडण्याआधी २.५०, जोडल्यावर २.५०. मीटरवर ५.००. मग थर्मिस्टर काढून २० के लावला: सांध्यावर १.६७, मीटरवर ३.३३. तो काटा बरोबर जागेवर थांबताना बघून फार बरं वाटलं. अधिक-उणे पिनांमधला फरकही मोजला, दोन मिलिव्होल्ट.

सरांनाही दाखवलं. त्यांनी सर्किट नीट बघितलं, म्हणाले, "सोर्स काय आहे ते मी विचारायला हवं होतं."

पण आता नवीन भानगड. मीटर तीन मीटर लांबच्या शील्डेड केबलवर नेला आणि ५.०० चे ५.१८ झाले. केबलला हात लावला की काटा हलतो. केबल काढून मीटर जवळ आणला की पुन्हा ५.००.

बँडविड्थ

ऑसिलेट होतंय. शील्डेड केबल मीटरला सुमारे १०० पिकोफॅरॅड, तुझे ३०० झाले. ते आउटपुटवर थेट लटकलेत आणि नॉइज गेन फक्त २ आहे. तुझ्या सरांचं वाक्य इथे लागू पडतं. आउटपुट आणि केबलच्या मध्ये १०० ओहम घाल, पण फीडबॅक १०० ओहमच्या आधी, थेट चिपच्या पिनेवरून घे.

तापमापी

घातला. काटा एकदम शांत, हात लावला तरी हलत नाही. पण आता ५.०० च्या जागी ४.९५ दाखवतोय.

शून्य_व्होल्ट

मीटरचा रेझिस्टन्स किती?

तापमापी

मोजला. १० के. अच्छा, म्हणजे १०० ओहम आणि १० के चा डिव्हायडर झाला, एक टक्का तिथे गेला. फीडबॅकच्या १० के च्या रांगेत २२० ओहम घातले तर गेन २.०२२ होतो आणि मीटरवर ५.०० च्या आसपास यायला हवं. पण हे माझ्या ३० के सारखंच झालं ना? पुन्हा एका आकड्याने चूक भरतोय.

शून्य_व्होल्ट

घाल. तेव्हा हलत होता तो थर्मिस्टर. मीटरचे १० के थंडीतही १० केच राहणार आहेत. २० के लावून पुन्हा एकदा तपास.

तापमापी

२५ अंशाला ५.००, २० के लावल्यावर ३.३३. दोन्हीकडे बसलं.